उभ्यानं झाडलेली गोळी

चिंचसांगवीत वीरण्णा हुडगेइतकं स्थिर बसणारं माणूस दुसरं नव्हतं. मठात प्रवचन लांबलं की बाकीचे मांडी बदलत, पाय चोळत, भिंतीला टेकत; हा तासाभरानंतरही होता तसाच. लोक म्हणत, वीरण्णाची भक्ती मोठी. ही बैठक भक्तीतून नाही तर बंदुकीतून आलेली आहे, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

बंदूक वडिलांची. हुडग्यांच्या घरात मांस कधी शिरलं नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि तरी माळवदाच्या खोलीत खुंटीला रायफल. निजामाच्या काळात हरणं आणि रानडुकरं पीक हाती लागू देत नसत, म्हणून वडिलांनी राखणीसाठी परवाना काढलेला. गाव तेव्हा बिदर जिल्ह्यात, म्हणून पहिला शिक्का बिदरचा. छप्पन सालानंतरचे शिक्के उस्मानाबादचे. वडील बंदूक हवेत उडवायचे आणि दसऱ्याला तिची पूजा करायचे. त्यापलीकडं तिला काम नव्हतं.

वडील गेले तेव्हा वीरण्णा तीस वर्षांचा, एका मुलीचा बाप होता. त्याला बंदुकीची धास्ती वाटायची. धास्तीची वस्तू घरात ठेवायची तर ती नीट समजून तरी घ्यावी, म्हणून तो शिरूरला कासीम जमादाराकडं जाऊ लागला. जमादार निजामाच्या फौजेतला. फौज मोडली, बायको वारली, मुलं हैदराबादेला गेली. म्हातारा घरणी नदीच्या काठी दोन खोल्यांत एकटाच असायचा. त्याने वीरण्णाला चार महिने एकही काडतूस भरू दिलं नाही.

पहिला महिना नुसतं पालथं पडण्यात गेला. अंग किंचित तिरकं, पाय फाकलेले, टाचा जमिनीला चिकटलेल्या, डावं कोपर थेट बंदुकीच्या खाली. पुढं घोंगडीची वळकटी. पण तिच्यावर नळी टेकवायची नाही, मनगट टेकवायचं, नाहीतर गोळी उडी मारते. मग बैठक. वीरण्णाने गुडघ्याच्या वाटीवर कोपर ठेवलं की जमादार काठीने टोचायचा. वाटी गोल, कोपर गोल, गोलावर गोल फिरणारच. दंडाचा मागचा भाग वाटीच्या पुढं नडगीला लावायचा.

"हड्डी पे रख, गोश्त पे नक्को," म्हातारा सांगायचा. "गोश्त थकता, काँपता. हड्डी कू क्या मालूम डर क्या होता."

मग तो डोळे मिटायला लावायचा. दोन श्वास घेऊन उघडायचे. नळीच्या टोकाची माशी निशाणावरून सरकलेली दिसली तर ती हाताने ओढून आणायची नाही. बूड सरकवायचं, अख्खं अंग फिरवायचं. त्यानंतर एका गुडघ्यावर बसणं. आणि सगळ्यांत शेवटी उभं राहणं, ते मात्र जमादाराने एका दिवसात उरकलं. झाडाला खांदा टेकायला मिळाला तर ठीक, नाहीतर उभ्यानं जनावरावर गोळी टाकायची नाही. उभ्या माणसाचं अंग झुलत असतं आणि ते त्याचं त्याला कळत नाही, असं जमादाराचं म्हणणं. चूक माणूस करतो आणि भोगतं जनावर.

पुढची वीस वर्षं वीरण्णाने एकही जीव घेतला नाही. दीडशे पावलांवर हरणांचा कळप ज्वारीत शिरला की तो बांधाआड बसायचा आणि पुढच्या हरणाच्या खुरापासून हातभर अंतरावरचं ढेकूळ फोडायचा. धुरळा उडायचा आणि कळप उड्या मारत पसार व्हायचा. हरीण मारण्यापेक्षा हे अवघड होतं, पण असं कुणाला सांगून समजणार नव्हतं. जमादारालाच काय ते समजलं असतं, आणि तो तर साठ सालीच गेला होता.

त्याची बायको शांतम्मा उदगीरच्या पलीकडची, कानडी मुलखाच्या शिवेवरची. बंदूक तिला कधी पटली नाही, पण ढेकळंच फुटतायत म्हणून ती गप्प असायची. पालथं पडलं की गळ्यातलं लिंग छातीखाली रुतायचं, म्हणून वीरण्णा ते दोऱ्यासकट पाठीवर टाकायचा. एकदा शेतात भाकरी घेऊन आली असताना तिनं ते पाहिलं. देवाला पाठीमागं टाकून काय करायलात, असं तिनं विचारलं. छातीला टोचतं, एवढंच तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण तिच्याकडं बघून सांगणं त्याला जमलं नाही.

बहात्तर साली पाऊस आला नाही. आदल्या वर्षीही नावालाच पडला होता. दिवाळीपर्यंत गावातले आड आटले, निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढू लागलं. माघात सबंध शिवारात हिरवं म्हणावं असं एकच उरलं: मठाच्या विहिरीखालचं दोन एकर कडवळ. ते कापून गावच्या गुरांना पेंढीपेंढीने वाटायचं ठरलं होतं. हरणांनाही चार कोसांत तेवढंच हिरवं दिसत होतं.

वीरण्णाने ढेकळं फोडली. पहिल्या दिवशी कळप चार उड्या मारून थांबला आणि परत फिरला. तिसऱ्या दिवशी ढेकूळ फुटलं तरी माना वर झाल्या नाहीत. बरगड्या उघड्या पडलेली ती हरणं खात होती. भ्यायचं त्राणच त्यांच्यात राहिलं नव्हतं.

मठाच्या ओसरीवर बैठक बसली. मठाचा कारभार माणिकप्पाकडं होता. गावातलं मोठं दुकानही त्याचंच. तो बोलला. मार असं तो म्हणाला नाही, कुणीच म्हणालं नाही. एकाचा बंदोबस्त झाला की बाकीची फिरकत नाहीत, एवढंच बोलणं झालं. बंदूक कुणाकडं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात लिंग होतं.

घरी आल्यावर वीरण्णाने शांतम्माला सांगितलं. नको म्हणायचं असलं की तिच्या तोंडी माहेरची भाषा यायची. "बेडा," ती म्हणाली. गुरं मरायला लागली आहेत, त्यात आपलीही दोन, असं त्याने समजावलं. ती चुलीपुढं जाऊन बसली.

तीन सकाळी तो कडवळाच्या बांधाआड पालथा पडून राहिला. कळपात एक मोठा काळवीट होता, पाठ शाईसारखी, शिंगांना पीळ. दोनदा माशी त्याच्या खांद्यावर येऊन थांबली, मुळीच न हलता थांबली, आणि दोन्ही वेळा वीरण्णाने बोट काढून घेतलं. वारा फिरला म्हणून जमलं नाही, असं त्याने माणिकप्पाला सांगितलं.

चौथ्या दिवशी माणिकप्पा स्वतः आला. सोबत आणखी चौघं. ते त्याच्या पाठीमागं उभे राहिले. माणसांची चाहूल लागून कळप कडवळाच्या पलीकडच्या कडेला सरकला आणि वीरण्णाला जमिनीवरून नुसती शिंगांची टोकं दिसू लागली. तो उठून बसला. बसूनही खांदा दिसेना.

"निघालं की रे ते," माणिकप्पा हलक्या आवाजात म्हणाला.

वीरण्णा उभा राहिला. उभं राहायला नको, हे त्याला त्या क्षणीही स्वच्छ कळत होतं. पण पाठीशी पाच माणसं उभी असताना एकट्याने बसून राहायला जे लागतं ते त्याच्यात नव्हतं. माशी काळविटाच्या खांद्यावरून पोटावर गेली, परत खांद्यावर आली, परत सरकली. ती परत यायची वाट न पाहता त्याने बोट दाबलं.

गोळी मागं लागली, पोटात. काळवीट बसल्यासारखा झाला, उठला आणि कळपाच्या उलट्या दिशेने, नदीकडं निघाला. बाकीची हरणं माळाच्या अंगाला पांगली. माणिकप्पा म्हणाला, झालं काम, आता येत न्हाईत. जखमी जनावराचं काय, असं कुणी विचारलं नाही. ते पाचही जण गावाकडं वळले, आणि वीरण्णा रक्ताच्या मागं निघाला.

दिवसभर तो चालला. रक्त थेंबाथेंबाने भेगाळलेल्या काळ्या मातीवर पडलेलं, कधी दगडावर, कधी वाळलेल्या तुराट्यांवर. काळवीट बाभळीच्या सावलीत बसायचा. हा दोनशे पावलांवर आला की उठायचा. उठताना त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकायचे. पल्ल्यात येऊन वीरण्णा टेकेपर्यंत तो पुढं गेलेला असायचा. पाणी आणलेलं नव्हतं. दुपारी जीभ टाळूला चिकटली. माळावर दुसरं माणूस नव्हतं, पाखरू नव्हतं. तो आणि ते जनावर, एकाच्या पुढं एक, एवढंच सगळ्या शिवारात हलत होतं. एका ठिकाणी त्याला वाटलं की ते आपल्यासाठीच थांबत आहे. पण तसं काही नव्हतं. ते थकलं होतं.

दिवस कलताना तो घरणीच्या कोरड्या पात्रात उतरला. वाळूत हातभर खोल झिरा खणलेला होता आणि त्याच्याशी नागाबाई वाटीवाटीने घागर भरत बसली होती. नागाबाई गावाबाहेरच्या वस्तीतली, दगडोबाची बायको; दगडोबा खडीच्या कामावर असायचा. तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर काळवीट आडवा पडला होता. त्याला पाण्याचा वास आला असावा. ती हातातली वाटी तशीच धरून त्याच्याकडं बघत होती.

वीरण्णा थडीवर बसला. दंड नडगीला लावले, डोळे मिटले, दोन श्वास घेतले, उघडले. माशी थोडी डावीकडं होती. त्याने बूड सरकवलं. गळ्यातलं लिंग चालता चालता छातीवर आलं होतं. ते या वेळी त्याने मागं टाकलं नाही. काळविटाने मान उचलली आणि वीरण्णाने गोळी झाडली. यात चूक झाली नाही.

त्याच्याने उठवेना. नागाबाई वाटी घेऊन त्याच्यापाशी आली.

"मालक, आधी पाणी प्या," ती म्हणाली. मग वाटी पुढं धरल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं हात मागं घेतला. वीरण्णाने हात पुढं करून वाटी घेतली आणि प्याला. दुसरी मागितली, तीही प्याला.

नागाबाईने काळविटाकडं पाहिलं.

"आता ह्ये हितं कुत्र्यानं खायचं का आमी न्यायचं?"

"न्या," वीरण्णा म्हणाला.

त्या दिवशी वस्तीवर दोन महिन्यांनी पोटभर जेवण झालं. दुसऱ्या दिवशी गावात सगळं कळलं. हरीण मारल्याचं कुणी बोललं नाही. ते गावानेच सांगितलेलं काम होतं. बोलणं झालं ते पाण्याचं. लिंग धारण केलेल्याला शिवाशिव नसते, हे मठातल्या प्रवचनात दर वर्षी सांगितलं जायचं आणि सगळे माना डोलवायचे. पण वीरण्णा प्याला ते त्यांना चाललं नाही. भांडण कुणी केलं नाही. श्रावणात त्याने मठाच्या जंगमस्वामींना जेवायला सांगितलं तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडं आमंत्रण निघालं, पुढल्या सोमवारीही निघालं. मठात तो गेला की शेजारची जागा जराशी रुंद व्हायची. माणिकप्पा दुकानात हवं ते द्यायचा, बस म्हणायचा नाही.

शांतम्माने त्याला दोनच प्रश्न विचारले.

"हाल झाले का त्याचे?"

"व्हय."

"किती येळ?"

"सकाळधरनं दिवस कलंस्तोवर."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पाणी प्यालात ते बरं केलं." आणि तो विषय संपला. पण तिचं बोलणंही त्याबरोबर संपत गेलं. भाकरी वेळेवर वाढायची, आजारपणात बसून राहायची, शब्द मात्र कामापुरता. मुलगी उमा धर्माबादच्या अडत्याच्या घरी दिलेली. ती आली की घरात चार दिवस आवाज असायचा, गेली की परत दोघं दोन खोल्यांत. पुढच्या वर्षी हरणं मारायला बंदी करणारा कायदा लागू झाला, असं तलाठ्याने चावडीवर वाचून दाखवलं. वीरण्णाने बंदूक पुसून खुंटीला लावली. ढेकळं फोडायलाही काढली नाही. पाऊस परत सुरू झाला, पिकं आली, कळप आले. राखणीला तो नुसता जाऊन बसायचा.

सात वर्षं अशी गेली. मग शांतम्माचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग डावा. निलंग्याच्या डॉक्टराने कंपवात सांगितला आणि गोळ्या दिल्या, पण फरक पडला नाही. तिला स्वयंपाकाचं दुःख नव्हतं, तो वीरण्णा करू लागला. दुःख पूजेचं होतं. डाव्या तळव्यावर लिंग घेऊन त्यावर नजर लावून बसायचं, हे ती सातव्या वर्षापासून करत आलेली. एका सकाळी तळवा हलला आणि लिंग फरशीवर पडलं. लिंग पडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तिने दिवसभर अन्न घेतलं नाही. स्वामींना बोलवावं तर ते या घरी येत नव्हते.

संध्याकाळी वीरण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने तिची पाठ खांबाला लावली, डावा गुडघा उभा करायला लावला, दंडाचा मागचा भाग नडगीला टेकवला आणि मनगटाखाली तिचाच उजवा हात ठेवला. तळवा तरीही थरथरत होता. त्याने हात धरून ठेवला नाही. तिला कमरेतून थोडं उजवीकडं सरकवलं, पाऊल पुढं घेतलं, डोळे मिटून श्वास घ्यायला सांगितलं. हळूहळू थरथर मनगटाच्या अलीकडं अडली. पूर्ण गेली नाही, पण लिंग राहिलं.

शांतम्मा खूप वेळ तळव्याकडं बघत होती. मग म्हणाली, "जमादार भला माणूस असंल."

"व्हता," वीरण्णा म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी दोघं समोरासमोर बसू लागली. तिचं होईपर्यंत तो हलायचा नाही. पूजा झाली की ती बोलायची. माहेरच्या विहिरीचं, उमाच्या सासूचं, कधी काहीबाही. सात वर्षांचं बोलणं तिच्यात साठून राहिलं होतं की काय, असं त्याला वाटायचं. दीड वर्ष हे चाललं. वैशाखात ती गेली. त्या दिवशी मात्र स्वामी आले, गावही आलं. रीतीप्रमाणे तिला खड्ड्यात बसवली, अंगाला विभूती लावली आणि डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं. वीरण्णा काठावर उभा होता. तिचा तळवा हलत नव्हता. त्याला ते बघवेना.

त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा वेगळा झाला. गावात पेढे वाटले गेले. आता उस्मानाबादच्या खेपा चुकल्या म्हणून माणसं खूश होती. थोड्या दिवसांनी तलाठी सांगून गेला की बंदुकीचे परवाने नव्या कचेरीत दाखवून नोंद करून घ्यायचे. वीरण्णाने रायफल घोंगडीत गुंडाळली आणि एसटीने लातूरला गेला.

कचेरी कुणाच्या तरी इमारतीत तात्पुरती मांडलेली होती. पाटीचा रंग नवा होता आणि कपाटं अजून व्हरांड्यातच होती. कारकून तरुण, कामाने वैतागलेला, पण बोलायला नीट होता. उस्मानाबादचे कागद अजून आलेले नाहीत, परवाना पुढं चालू ठेवायचा तर अर्ज करा, असं त्याने सांगितलं. वीरण्णा म्हणाला, चालू ठेवायचा न्हाई, जमा करायची हाय. मग कारण लिहावं लागतं, असं कारकून म्हणाला.

वीरण्णाने विचार केला. "कारण असं काय न्हाई. घरात मी एकलाच हाय."

कारकुनाने त्याच्याकडं एकदा बघितलं आणि रकान्यात लिहिलं: वयोमानामुळे.

बंदूक पोलिसांच्या ताब्यात द्यायची होती. तिथल्या शिपायाने घोंगडी सोडली, खटका ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि सहज गंमत म्हणून उभ्या उभ्या खांद्याला लावून समोरच्या भिंतीवर नेम धरला. नळीचं टोक भिंतीवर हेलकावत होतं. त्याला काहीतरी सांगावं असं वीरण्णाला फार वाटलं. पण शिपायाला कुठं तिने कुणाला मारायचं होतं. त्याने पावती घेतली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि बाहेर आला.

गंजगोलाईत गर्दी होती. त्याने एका खाणावळीत भाकरी-वरण खाल्लं आणि पोस्टातून कार्ड विकत घेऊन तिथंच उभ्याने उमाला लिहिलं. बंदूक जमा केली. पाऊस बरा आहे. तूर चांगली आली आहे, दिवाळीला मुलांना घेऊन ये. अजून जागा उरली होती, पण लिहायला काही सुचलं नाही. तेव्हा त्याने खाली पुन्हा एकदा, नक्की ये, असं लिहिलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

दिवाळीला उमाला जमलं नाही, धाकट्याला गोवर निघाला होता. ती संक्रांतीला आली आणि आठ दिवस राहिली.